काठ, घडी आणि पायघडी : वेश व गृहसजावटीतील वैयक्तिक शैलीच्या प्रेरणांची चिकित्सा
(शांता शेळके यांची ‘पैठणी’ व बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ यांच्या विशेष संदर्भात)

सारांश

वेशभूषा आणि गृहसजावट ही व्यक्तीच्या आवडीची, म्हणजे तिच्या स्वतंत्र निवडीची क्षेत्रे आहेत, असे सामान्यतः मानले जाते. मराठी साहित्यातील दोन महत्त्वाच्या कृती शेजारी ठेवून वाचल्या असता ही समजूत अपुरी ठरते. शांता शेळके यांच्या ‘पैठणी’ या कवितेत शैलीची प्रेरणा वारशातून येते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात वारसा नाकारण्यातून ती जन्म घेते. निवडीच्या आधी अधिकाराचा प्रश्न येतो आणि तो टाळून केलेली शैलीची चर्चा अपूर्ण राहते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : वैयक्तिक शैली, पैठणी, गोधडी, काठ, वारसा, दलित स्त्री आत्मकथन.

प्रस्तावना

आषाढी वारीच्या काळात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरच्या दिशेने निघते, तेव्हा वाटेत काटेवाडी हे गाव लागते. या गावात परीट समाजाच्या वतीने पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि त्यानंतर मेंढ्यांचे रिंगण होते. या सोहळ्याचा धार्मिक व सामाजिक आशय सर्वपरिचित आहे. परंतु वेश आणि सजावट यांच्या अभ्यासकाने येथे आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावयास हवी. धोतर हे अंगावर नेसण्याचे वस्त्र. ते अंगावरून उतरून वाटेवर अंथरले जाते, तेव्हा तेच वस्त्र स्वागताची सजावट होते. एरवी इतरांची वस्त्रे धुणे हा ज्या समाजाचा परंपरागत व्यवसाय, त्याच समाजाकडे या दिवशी वस्त्र अंथरण्याचा मान असतो. नेसणे, अंथरणे आणि मान या तिन्ही गोष्टी एका कृतीत एकत्र येतात.

रिंगणातील मेंढ्यांच्या लोकरीचेही असेच आहे. त्या लोकरीची घोंगडी धनगराच्या खांद्यावर असते तेव्हा ती त्याचा वेश असते. पावसात ती छत्री होते, रात्री पांघरूण होते आणि पाहुणा आला की बैठक होते. तात्पर्य, ‘फॅशन’ आणि ‘गृहसजावट’ अशी जी दोन स्वतंत्र दालने आजच्या बाजाराने निर्माण केली आहेत, ती या परिसराच्या लोकजीवनात मुळात वेगळी नव्हती. म्हणूनच वैयक्तिक शैलीच्या प्रेरणांचा शोध घेताना वस्त्र आणि घर यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

काटेवाडीच्या दोन दिशांना या विषयाचे दोन साहित्यिक आधार सापडतात. शांता शेळके (१९२२–२००२) यांचा जन्म इंदापूरचा. बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांचा जन्म पुरंदर तालुक्यातील वीरगावचा, तर त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नीरा नदीपलीकडील फलटण येथे गेला. अंतराने जवळ असलेल्या या दोन लेखिकांनी वस्त्राविषयी जे लिहिले, त्यातील अंतर मात्र फार मोठे आहे. हे अंतर समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रेरणेचे सार्वजनिक स्रोत : चित्र आणि रंगभूमी

वैयक्तिक आवड पूर्णपणे वैयक्तिक कधीच नसते. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय अभिरुचीच्या घडणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही सार्वजनिक स्रोतांचा वाटा स्पष्टपणे दिसतो. राजा रविवर्मा यांचा शिळाछाप छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. या छापखान्यातून बाहेर पडलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी पोहोचल्या. तसबीर ही घराच्या भिंतीची सजावट होती. त्याच वेळी त्या तसबिरीतील देवीची साडी, काठ, अलंकार आणि उभे राहण्याची ढब ही घरातील स्त्रीपुढे ठेवलेला नमुनाही होती.

रंगभूमीने हेच कार्य अधिक जिवंतपणे केले. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी ‘मानापमान’मधील भामिनी व ‘एकच प्याला’मधील सिंधू अशा भूमिका रंगविल्या. त्यांची साडी नेसण्याची पद्धत, केशरचना, नथ आणि गजरा यांचे अनुकरण तत्कालीन प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. स्त्रीच्या वेशाचा आदर्श एका पुरुष नटाने घडवावा, ही बाब वैयक्तिक शैलीच्या संकल्पनेवर पुरेसा प्रकाश टाकते. ‘स्वतःची’ म्हणून जी शैली ओळखली जाते, ती बहुधा दुसऱ्याच्या अंगावर प्रथम पाहिलेली असते.

पुढे १९३० मध्ये किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक सुरू झाले आणि अभिरुचीच्या प्रसाराला नियतकालिकाचे माध्यम मिळाले. दूरचित्रवाणीच्या युगात ही परंपरा खंडित झाली नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने घराच्या बैठकीच्या खोलीत प्रवेश करून विजेत्या गृहिणीस पैठणी देण्याची प्रथा रुजविली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतील नायिकेचे मंगळसूत्र सराफ बाजारात तिच्याच नावाने मागितले जाऊ लागले. या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. प्रेरणा बाहेरून येते, ती दृश्य असते आणि जिला ती स्वीकारण्याचे सामाजिक स्वातंत्र्य आहे अशी एक स्त्री तिने गृहीत धरलेली असते. हे गृहीतक तपासण्यासाठी साहित्याकडे वळणे उपयुक्त ठरते.

‘पैठणी’ : घडीतील प्रेरणा

शांता शेळके यांच्या ‘पैठणी’ या कवितेचा प्रारंभ वस्त्रापासून होत नाही, घरापासून होतो. फडताळ, फडताळातील गाठोडे, गाठोड्याच्या तळाशी असलेले जुने कपडे आणि त्यांत जपून ठेवलेली आजीची पैठणी, असा हा प्रवास आहे. कवितेची रचना घराच्या अंतर्भागात उतरत जाणारी आहे. ही पैठणी कोठेही मांडून ठेवलेली नाही. ती घडीत आहे आणि तिचे मूल्य त्या घडीत आहे.

कवितेत पैठणीचे वर्णन पदर, जर व रंग यांच्यासह येते, पण कवयित्री तेथे थांबत नाही. आजीने लग्नात ती नेसली, वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना तिचा पदर हाती धरला, सणासुदीचे सुगंध तिच्यात मुरले, अत्तराची बोटे तिला पुसली गेली. वस्त्र हे येथे वापराने अर्थपूर्ण झाले आहे. दुकानातील नव्या पैठणीत जे नसते ते या जीर्ण पैठणीत आहे. सौंदर्याचा निकष नवेपणाकडून वापरलेपणाकडे सरकविणे, हे या कवितेचे अभिरुचीच्या दृष्टीने महत्त्वाचे कार्य होय.

याहून महत्त्वाची गोष्ट कवितेच्या अखेरीस घडते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. कवितेतील निवेदिका ती पैठणी नेसत नाही. ती तिला उराशी धरते आणि तिच्या चौकड्यांकरवी आजीला आपले कुशल कळविते. प्रेरणा आणि अनुकरण यांतील भेद यापेक्षा नेमकेपणाने दाखविणे कठीण आहे. बालगंधर्वांची प्रेक्षक असलेली स्त्री नटाप्रमाणे नेसू पाहते. मालिकेची प्रेक्षक नायिकेसारखे मंगळसूत्र मागते. शेळके यांची निवेदिका मात्र आजीसारखी दिसू इच्छित नाही, ती आजीशी बोलू इच्छिते. शैलीची प्रेरणा येथे संबंधातून येते.

तथापि या कवितेकडे केवळ स्मरणरंजन म्हणून पाहणे जसे अपुरे आहे, तसेच तिच्या मर्यादा नजरेआड करणेही योग्य नाही. आजीला अहेवपणी मरण आले, म्हणून तिचे सोने झाले, अशी धारणा कवितेत आहे. ज्या समाजात विधवेला काठ-पदराचे वस्त्र सोडून आलवण नेसावे लागे, त्या समाजात पैठणी जपली जाण्याची एक अट सौभाग्य ही होती. आलवणाची घडी कोणी फडताळात जपून ठेवल्याचे सहसा ऐकिवात नाही. म्हणजेच वारशाच्या गाठोड्यात काय शिरणार आणि काय शिरणार नाही, हे वस्त्राच्या सौंदर्याने ठरत नव्हते. ते ठरविणारी व्यवस्था वेगळी होती. कविता या व्यवस्थेला प्रश्न विचारीत नाही. मात्र अहेवपणाचा उल्लेख करून ती वाचकाला तो प्रश्न विचारण्याची जागा निश्चितच देते.

‘जिणं आमुचं’ : लपविलेला काठ

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रकाशित झाला. ज्या मासिकाने मध्यमवर्गीय स्त्रीची अभिरुची घडविली, त्याच मासिकात महारवाड्यातील स्त्रीच्या वेशाचे वास्तव छापले जावे, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे.

या आत्मकथनात लुगड्याच्या काठाचा उल्लेख येतो. काठ दिसेल अशा रीतीने लुगडे नेसणे हा उच्चवर्णीय स्त्रियांचा अधिकार समजला जाई. महार स्त्रीने काठ निऱ्यांच्या आत दडवून नेसावे, असा दंडक होता. नेसण्याच्या पद्धतीवरून बाईची जात ओळखता यावी, अशी ती योजना होती. लुगडे तेच, कापडही कदाचित तेच, परंतु त्याचा सर्वांत सुंदर भाग लपविणे बंधनकारक होते.

‘पैठणी’ आणि ‘जिणं आमुचं’ यांना जोडणारा धागा हा काठ आहे. शेळके यांच्या कवितेतील काठ-पदर घडीत असूनही अभिमानाचा विषय आहे. कांबळे यांच्या निवेदनातील काठ अंगावर असूनही अदृश्य आहे. पहिल्या ठिकाणी लपविणे म्हणजे जपणे होते, तर दुसऱ्या ठिकाणी लपविणे म्हणजे अपमान सोसणे होते. ‘वैयक्तिक शैली’ या शब्दप्रयोगातील ‘वैयक्तिक’ या विशेषणाला दुसऱ्या ठिकाणी जागाच उरत नाही. जिच्या निऱ्याही गावाने ठरविल्या, तिच्या आवडीची चर्चा करणे व्यर्थ आहे.

वस्त्राच्या वारशाचाही येथे वेगळा अर्थ लागतो. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ समजला जाई. मृताच्या अंगावरील वस्त्र हा वारसा एका घरात आजीच्या स्पर्शाचा आनंद देतो, तर दुसऱ्या घरात लाचारीची खूण म्हणून येतो. जुने, वापरलेले वस्त्र मूलतः सुंदर असते, हा सिद्धान्त म्हणूनच सरसकट मांडता येत नाही. ते कोणी वापरले आणि कोणत्या नात्याने हाती आले, यावर त्याचे सौंदर्य अवलंबून असते.

घराच्या बाबतीतही हा विरोध टिकून आहे. बेबी कांबळे यांनी आपले लेखन सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. घरात कोणाची नजर जाणार नाही असे कोपरे त्यासाठी त्यांना शोधावे लागले. शेळके यांच्या कवितेत घराच्या तळाशी पैठणी आहे, कांबळे यांच्या घराच्या अडगळीत कागद आहेत. दोन्ही घरांतील सर्वांत मोलाची वस्तू दर्शनी भागात नाही. गृहसजावटीची चर्चा बहुधा बैठकीच्या खोलीपुरती मर्यादित राहते, परंतु स्त्रीचे खरे घर पुष्कळदा दृष्टीआडच्या जागेत असते, ही गोष्ट या दोन लेखिका दोन बाजूंनी सिद्ध करतात.

नकारातून घडणारी शैली

वारसा अपमानाचा असेल, तर प्रेरणा कोठून घ्यावयाची? या प्रश्नाचे उत्तर महाड येथे मिळते. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचे, अस्पृश्यतेची खूण ठरलेले गळ्यातील व हातांतील जड दागिने टाकून देण्याचे आणि स्वच्छ राहण्याचे आवाहन केले. अनेक स्त्रियांनी त्यानुसार आपली नेसण्याची पद्धत लगेच बदलली. वेशाच्या इतिहासात या घटनेला जे स्थान मिळावयास हवे होते, ते मिळालेले नाही. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर या विषयाच्या अभ्यासाची परंपरा वाढली, परंतु मराठीतील फॅशनविषयक लेखनात महाडचा उल्लेख अपवादानेच आढळतो.

या बदलावर वरच्या जातींचे अनुकरण असा आक्षेप घेता येईल. एम. एन. श्रीनिवास यांनी मांडलेल्या संस्कृतीकरणाच्या प्रक्रियेत तो बसविण्याचा मोहही होईल. परंतु हेतू लक्षात घेता हा आक्षेप टिकत नाही. संस्कृतीकरणात श्रेणीतील वरची जागा हवी असते. महाडच्या आवाहनात जात ओळखू येण्याची खूणच पुसून टाकावयाची होती. घोट्यापर्यंत आलेले लुगडे हे ‘त्यांच्यासारखे दिसणे’ नव्हते, ते ‘ओळखू न येण्याचा’ अधिकार मिळविणे होते. बेबी कांबळे यांच्या आत्मकथनाला अर्थ देणारी चळवळ हीच होय. दिसेनासा केलेला काठ पुन्हा दिसू लागला, तो कोणा नटाच्या वा तसबिरीच्या प्रेरणेने नव्हे, तर स्वाभिमानाच्या प्रेरणेने. मराठी समाजातील वैयक्तिक शैलीचा हा सर्वांत अस्सल दाखला म्हणावा लागेल, कारण येथे स्त्रीने आपला वेश किंमत मोजून निवडला होता.

गोधडी : तिसरा मार्ग

वारसा जपणे आणि वारसा नाकारणे या दोहोंच्या मधे एक तिसरा मार्ग ग्रामीण स्त्रीने फार पूर्वीच शोधला आहे, तो गोधडीचा होय. पैठणी असणारी घरे थोडी, जुनेर असणारी घरे पुष्कळ. नेसून विरलेले लुगडे, मुलांचे आखूड झालेले कपडे, धोतराचे तुकडे यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवले की गोधडी होते. वेशाचे घरात रूपांतर करणारी ही प्रक्रिया आहे. कोणता तुकडा कोठे लावावा, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवावा, हा निर्णय गोधडी शिवणारीचा असतो. सामग्री मर्यादित आणि रचना स्वतःची, हे वैयक्तिक शैलीचे मूलतत्त्व येथे पूर्णांशाने आढळते.

गोधडीचा विचार केल्यावर आजच्या गृहसजावटीकडे अधिक चिकित्सकपणे पाहता येते. एकेकाळी चोळीसाठी वापरला जाणारा गुळेदगुड्डचा खण आता उशांचे अभ्रे, तोरणे, दिव्यांची आच्छादने यांवर दिसतो. पैठणीचा मोर पडद्यांवर आणि भिंतीवरील चौकटींत आला आहे. गोधडीही शहरातील दालनांत कलावस्तू म्हणून विकली जाते. या बदलाचे स्वागत करण्यास हरकत नाही, कारण त्यातून विणकर व शिवणाऱ्या स्त्रियांना काम मिळू शकते. परंतु येथे गोधडीची दिशा उलटी झाली आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. घरातील गोधडीत आधी अंगावर वापरलेले वस्त्र येते आणि त्यासोबत माणसाची आठवण येते. विकत घेतलेल्या सजावटीत परंपरेचे चिन्ह येते, मात्र त्यामागे त्या घरातील कोणीही माणूस नसते. २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’ या कार्यक्रमात अकरा लाख रुपयांच्या पैठणीचे पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा वस्त्राचे मोल नेसण्यापासून किती दूर गेले आहे याची कल्पना आली.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्यान उभे राहिले आहे आणि परिसरातील स्त्रिया तेथे तयार कपड्यांच्या शिवणकामात आहेत. शिलाईयंत्रावर बसलेल्या स्त्रीच्या हातून इतरांच्या शैलीचे कपडे तयार होतात. काटेवाडीच्या वाटेवर धोतर अंथरणाऱ्या परीटाचा, गोधडी शिवणाऱ्या आजीचा आणि या स्त्रीचा वस्त्राशी असलेला संबंध श्रमाचाच आहे. शैलीविषयीच्या चर्चेत या श्रमाला स्थान नसेल, तर ती चर्चा केवळ ग्राहकाची राहील.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. मराठी लोकजीवनात वेश आणि गृहसजावट यांची विभागणी मूलतः नव्हती. पायघडी, घोंगडी व गोधडी ही त्याची ठळक उदाहरणे होत.

२. वैयक्तिक शैलीची प्रेरणा अनुकरणातून, संबंधातून आणि नकारातून अशा तीन मार्गांनी येते. ‘पैठणी’ दुसऱ्या मार्गाचे, तर ‘जिणं आमुचं’ तिसऱ्या मार्गाचे श्रेष्ठ साहित्यिक रूप आहे.

३. वारसा हा सर्वांसाठी सारखाच प्रेरक नसतो. तो जपण्याचे सुख ज्याप्रमाणे खरे, त्याप्रमाणे तो टाकून देण्याची गरजही खरी असते.

४. काठ दाखविण्याचा अधिकार हा काठ निवडण्याच्या आवडीपूर्वी येतो. अभिरुचीची समीक्षा या क्रमाचे भान ठेवूनच करावयास हवी.

महाविद्यालयीन अध्यापनात ‘पैठणी’ ही कविता भावकाव्य म्हणून आणि ‘जिणं आमुचं’ हे दलित आत्मकथन म्हणून स्वतंत्र घटकांत शिकविले जाण्याचा प्रघात आहे. या विभागणीमुळे एका कृतीतील वेदना आणि दुसऱ्या कृतीतील सौंदर्यदृष्टी या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटतात. या दोन्ही कृती एकाच तासाला, शेजारी शेजारी वाचल्या गेल्या, तर वर्गातील विद्यार्थिनींना आपापल्या घरातील गाठोड्याकडे नव्याने पाहता येईल. कोणाच्या गाठोड्यात पैठणी निघेल, कोणाच्या गाठोड्यात जुनेर. काहींच्या घरी गाठोडेच नसेल, कारण त्यांच्या आजीने ते महाडनंतर जाणीवपूर्वक टाकून दिले असेल. यांपैकी प्रत्येक उत्तर शैलीच्या इतिहासाचा भाग आहे आणि ते ऐकून घेणे हे अध्यापकाचे काम आहे.